कुकरमधला जांबालाया: तळाला लागतो, मधे गिच्च होतो, वर कच्चा राहतो

कुकर उघडला की तळाला काळी खरपुडी, मधे गिच्च गोळा आणि वरच्या थरातल्या शितांना कणी. केजन पद्धतीचा जांबालाया, म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातला, मांस आणि भाज्यांसकट एकाच भांड्यात शिजणारा मसालेदार भात, कुकरमध्ये करणाऱ्या बहुतेकांची तक्रार हीच असते. इलेक्ट्रिक कुकर असेल तर त्याआधीच पडद्यावर ‘बर्न’ उमटलेलं असतं. पुढच्या वेळी आपण काय करतो? अर्धी वाटी पाणी वाढवतो. भात आणखी गिच्च होतो, आणि तळाला लागायचं काही थांबत नाही.

पाणी वाढवणं हा यावरचा उपाय नाही. कुकरच्या आत जिथे पाणी आहे तिथलं तापमान साधारण 121 अंश सेल्सिअसच्या वर जात नाही आणि तेवढ्या तापमानाला भात करपत नाही. म्हणजे जिथे करपलं तिथे पाणी पोहोचलंच नव्हतं. कुकरात रस्सा भरपूर असतो, पण त्याच्या आणि तळाच्या मधे काहीतरी बसलेलं असतं: चिकटलेला मांसाचा थर, घट्ट टोमॅटो, खाली बसलेला मसाला किंवा तांदळाची पेज. ते काढलं की दुखणं जातं. खालचं सगळं याच एका गोष्टीबद्दल आहे.

मूळ पदार्थ उघड्या भांड्यातला

फ्रेंच बोलणारे अकेडियन लोक आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया परिसरात राहत होते. ब्रिटिशांनी 1755 पासून त्यांना तिथून हुसकावलं आणि त्यांतले बरेच पुढे लुइझियानाच्या दलदलीच्या, नदीनाल्यांच्या भागात येऊन वसले. केजन लोक हे त्यांचे वंशज. त्यांचा जांबालाया बिडाच्या जाड, खोल भांड्यात होतो. लुइझियानातल्या बॅटन रूज आणि न्यू ऑर्लिन्स या शहरांच्या दरम्यान गॉन्झालेस नावाचं गाव आहे. तिथे 1968 पासून जांबालायाचा उत्सव भरतो, आणि स्पर्धेतले स्वयंपाकी आजही लाकडांच्या जाळावर, बिडाच्या मोठाल्या भांड्यांत तो करतात.

तो जांबालाया तपकिरी असतो आणि त्यात टोमॅटो नसतो. रंग आणि चव दोन्ही येतात ती मांस भांड्याच्या तळाला चिकटेपर्यंत परतून, मग कांद्याच्या पाण्यात ते चिकटलेलं सोडवून, पुन्हा चिकटू देऊन, पुन्हा सोडवून. न्यू ऑर्लिन्सकडचा क्रिओल पद्धतीचा लाल जांबालाया वेगळा, त्यात टोमॅटो लागतो.

उघड्या भांड्याशी माणूस उभा असतो. तळ खरवडतो, आच कमी-जास्त करतो, पाणी आटताना पाहतो. कुकरचं झाकण लागलं की यातलं काहीच करता येत नाही. त्यामुळे जे खरवडायचं ते झाकण लावण्याआधीच संपलं पाहिजे.

आधी दुखणं कुठलं ते ओळखा

इलेक्ट्रिक कुकरमध्ये ‘बर्न’ कधी आलं ते आठवा. प्रेशर भरण्याआधीच, पहिल्या काही मिनिटांत आलं असेल तर तळाला काहीतरी चिकटलेलं होतं किंवा खालचा रस्सा फार घट्ट होता. प्रेशर भरल्यावर, शिजण्याची वेळ चालू असताना आलं तर रस्सा खरोखर कमी पडला किंवा वाफ कुठून तरी निसटत होती.

गॅसवरच्या कुकरचं तसंच. पहिली शिट्टी होण्याआधी करपल्याचा वास आला तर दोष तळाचा. शिट्टीच होत नाही आणि झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसते आहे, तर दोष रिंगचा. रिंग ताणली गेली असेल, कडक झाली असेल किंवा तिच्या खोबणीत शीत अडकलं असेल.

शंका असेल तर कुकरमध्ये नुसतं दोन कप पाणी घालून प्रेशर येऊ द्या आणि पाच मिनिटं ठेवा. प्रेशर नीट आलं, कडेने वाफ गेली नाही, तर कुकर ठीक आहे आणि चूक पदार्थाच्या मांडणीत आहे. नवीन रिंग आणायला धावण्याआधी ही चाचणी करावी.

तळ सोडवणं: सगळ्यात मोठं काम

सॉसेज आणि चिकन परतताना तळाला तपकिरी थर बसतो. हाच थर जांबालायाचा प्राण आहे. तो टाळायला म्हणून मांस नुसतं पांढरं होईपर्यंत परतलं, तर भात लागणार नाही, पण त्याला चवही राहणार नाही. थर बसू द्यायचाच आहे. तो झाकणाखाली राहू द्यायचा नाही.

चार-पाच माणसांसाठी साधारण 250 ग्रॅम सॉसेज आणि 400 ग्रॅम बोनलेस चिकन, तेही मांडीचं. छातीचं चिकन प्रेशरखाली कोरडं पडतं. सॉसेजच्या चकत्या आधी परता, त्यांची चरबी सुटेल, त्या बाजूला काढा. त्याच चरबीत चिकनचे तुकडे दोन खेपांत परता. एकदम घातले तर पाणी सुटतं आणि ते परतण्याऐवजी उकडतात. तेही काढून घ्या. आता तळ तपकिरी दिसेल. काळपट दिसत असेल, कडवट वास येत असेल, तर इथेच थांबून भांडं धुवा आणि नव्या चमचाभर तेलावर पुढचं सुरू करा. करपलेला थर रश्श्यात विरघळवला तर सगळा भात कडू होतो.

मग कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी घाला. लुइझियानातले स्वयंपाकी या तिघांना ‘ट्रिनिटी’ म्हणतात. कांदा सगळ्यात जास्त, दोन मध्यम. एक ढोबळी मिरची आणि सेलरीचे दोन दांडे पुरतात. चिमूटभर मीठ घातलं की भाज्या पाणी सोडतात, आणि त्या पाण्यावर लाकडी उलथन्याने तळ खरवडायला सुरुवात करायची. लसूण शेवटी, अर्धा मिनिट.

नंतर अर्धा कप कडकडीत गरम स्टॉक (चिकन किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी) ओता आणि उलथन्याची सपाट कड तळावरून फिरवा. कोपऱ्यांतून, कडेकडेने, सगळीकडून. ही पायरी दहा सेकंदांत उरकू नका, दोन मिनिटं द्या. इलेक्ट्रिक कुकरच्या भांड्याचा तळ मधे किंचित उंच असतो, त्यामुळे तेल आणि रस्सा कडेला जमतो आणि मधला भाग कोरडा राहतो. बहुतेक वेळा करपतं ते तिथेच. उलथनं कुठेही न अडखळता सरकलं पाहिजे. डोळ्यांपेक्षा हातावर विश्वास ठेवा, कारण तपकिरी रश्श्यातून तळ दिसत नाही. जरा जरी खरखरीत लागलं तरी आणखी दोन चमचे स्टॉक घालून पुन्हा खरवडा.

स्टेनलेस स्टीलच्या आणि जुन्या पातळ अॅल्युमिनियमच्या कुकरमध्ये हे जास्त लागतं. हार्ड अॅनोडाइज्ड भांड्यात थोडं कमी. नॉनस्टिकमध्ये थर बसत नाही, म्हणून लागत नाही, आणि म्हणूनच तो रंगही येत नाही.

टोमॅटो आणि मसाला

केजन पद्धतीचा करायचा तर टोमॅटो घालू नका. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. टोमॅटोची प्युरी किंवा पेस्ट घट्ट असते, तिच्यात साखर असते, ती तळाशी जाऊन बसते आणि तिच्यातून उकळीचे बुडबुडे सहज वर येत नाहीत. क्रिओल पद्धतीचा लाल हवाच असेल तर चिरलेला टोमॅटो सगळ्यात शेवटी, तांदळाच्याही वर पसरा आणि ढवळू नका. शिजून उघडल्यावर तो आपोआप मिसळतो.

पाप्रिका, केयेन मिरची, काळी आणि पांढरी मिरपूड, सुका थाइम, ओरेगानो, लसूण पावडर हा केजन मसाला आपण फोडणीत घालतो, कारण हाताला तीच सवय आहे. इथे ती सवय सोडावी लागते. पाप्रिका लगेच करपते, आणि कोरडी पूड तेलात पडली की तळाला गच्च बसते. मसाला उरलेल्या गरम स्टॉकमध्ये कालवून घाला. मीठही स्टॉक आणि सॉसेज चाखूनच. बाजारातल्या तयार केजन मसाल्यांमध्ये बऱ्याचदा मीठच सगळ्यात जास्त असतं. त्यात सॉसेज खारट, स्टॉक खारट, आणि कुकरमध्ये पुन्हा चाखायची सोय नाही.

तांदूळ

आंबेमोहोर, इंद्रायणी घेऊ नका. हे तांदूळ मऊ आणि चिकट शिजण्यासाठीच चांगले आहेत. वरण-भाताला त्यांना तोड नाही, पण इथे त्यांची पेज तळाला जाऊन बसते. लांब दाण्याचा तांदूळ हवा. अमेरिकेत राहणाऱ्यांना साधा लाँग ग्रेन तांदूळ कुठेही मिळतो, तोच घ्या. भारतात जुना बासमती चालतो. सगळ्यात खात्रीचा सेला बासमती, कारण साळ भरडण्याआधीच ती वाफवलेली असल्याने दाणा घट्ट होतो, स्टार्च कमी सोडतो आणि प्रेशर सहन करतो. उसळी मारणारा फेसही कमी येतो. कोकण-गोव्यातला जाडा उकडा तांदूळ त्याच जातकुळीतला असला तरी त्याला वेळ फार लागतो, तोवर चिकनचा चुरा होतो.

तांदूळ तीन-चार पाण्यांतून धुवा, धुवण शेवटी जवळजवळ नितळ दिसलं पाहिजे. मग चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या. भिजवू नका. भिजवायची सवयच असेल तर पुढच्या हिशोबातून कपामागे पाव कप पाणी कमी करा.

पाण्याचा हिशोब

तांदूळ शिजताना साधारण आपल्याइतकंच पाणी पितो, कपाला कप. उघड्या पातेल्यात आपण दुप्पट पाणी घालतो, कारण उरलेलं वाफ होऊन जातं. इलेक्ट्रिक कुकरमधून वाफ फारच थोडी जाते. तिथे दुप्पट पाणी घालणं म्हणजे एक कप पाणी भातात मुरायला सोडणं, आणि तेच गिच्च करतं. शिवाय कांदा, ढोबळी मिरची आणि चिकन आपापलं पाणी सोडतात, ते वेगळंच.

म्हणून इलेक्ट्रिक कुकरमध्ये 2 कप धुऊन निथळलेल्या पांढऱ्या तांदळाला एकूण 2 कप स्टॉक, तळ सोडवायला वापरलेला अर्धा कप धरून. सेला असेल तर अडीच कप. गॅसवरच्या शिट्टीच्या कुकरमध्ये दर शिट्टीला वाफ जाते, म्हणून पांढऱ्या तांदळाला अडीच कप, सेल्याला तीन. कप कुठलाही घ्या, पण तांदळाला आणि स्टॉकला तोच वापरा. अमेरिकन कप, घरातली वाटी आणि तांदळाच्या कुकरबरोबर येणारं छोटं माप यांची सरमिसळ झाली की सगळा हिशोब फसतो, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

2 कप तांदळाला इतका स्टॉक डोळ्यांना कमी वाटतो. वाटू द्या. मात्र कुकरबरोबरच्या पुस्तिकेत कमीत कमी किती द्रव हवा ते पाहा आणि त्याच्या खाली कधी जाऊ नका. अर्धा कप तांदळाचा जांबालाया कुकरमध्ये करायचा हट्ट म्हणूनच नको.

स्टॉक उकळताच घाला. थंड स्टॉक घातला तर प्रेशर यायला वेळ लागतो, तेवढा वेळ तळ तापत राहतो आणि तांदळाचा स्टार्च सुटून खाली बसतो. आधण आल्यावर तांदूळ वैरायचा ही आपल्याकडची जुनी रीत आहे, ती इथे तंतोतंत लागू पडते.

रचायचं कसं

तळ स्वच्छ, भाज्या रश्श्यात, त्यावर परतलेलं चिकन आणि सॉसेज, त्यावर मसाला कालवलेला उकळता स्टॉक. सगळ्यात वर तांदूळ पसरायचा. पळीने हलकेच दाबून प्रत्येक दाणा रश्श्याखाली जाईल असं पाहायचं आणि ढवळायचं नाही. ढवळलं की तांदूळ तळाशी जातो. वरचे दाणे रश्श्याबाहेर राहिले की त्यांना कणी राहते, हे वरच्या कच्च्या थराचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. भांड्याच्या कडांना चिकटलेले दाणेही खाली लोटा.

कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. तांदूळ फुगतो, फेस वर येतो आणि वाफेचं तोंड बुजू शकतं. हा नियम चवीसाठी नाही, सुरक्षिततेसाठी आहे. पाहुणे आठ असतील तर दोन खेपा करा किंवा बिर्याणीचं जाड पातेलं काढा.

शिट्ट्या मोजू नका

तीन शिट्ट्या म्हणजे किती वेळ? मोठ्या आचेवर चार मिनिटं, मंद आचेवर पंधरा. कुकर किती भरला, शिट्टीचं वजन किती, बर्नर केवढा, यावर सगळं बदलतं. डाळीला चालून जातं, या भाताला चालत नाही. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी येऊ द्या, आच अगदी मंद करा आणि घड्याळ लावा. पांढऱ्या लांब दाण्याला 4 ते 5 मिनिटं, सेल्याला 7. गॅस बंद करून कुकर 10 मिनिटं तसाच राहू द्या, मग उरलेली वाफ सोडा.

इलेक्ट्रिक कुकरमध्ये प्रेशर थोडं कमी असतं, त्यामुळे हाय प्रेशरवर पांढऱ्या तांदळाला 5 मिनिटं, सेल्याला 8. त्यानंतर तशीच 10 मिनिटं. ‘कीप वॉर्म’ आधीच बंद करून ठेवा. ते चालू राहिलं तर खालचा थर धरायला लागतो. शिजल्याबरोबर लगेच वाफ सोडली तर रस्सा आतल्या आत उसळतो, शितं फुटतात आणि वाफेबरोबर पेज बाहेर येते. उलट अर्धा तास तसंच ठेवलं तर भात बसतो. दहा मिनिटं बरोबर.

उघडल्यावर लगेच ढवळू नका. झाकण काढून पाच मिनिटं वाफ जाऊ द्या, मग काट्याने किंवा उलथन्याच्या कडेने खालून वर हलकेच मोकळा करा.

बिघडलाच तर

‘बर्न’ आलं तर कुकर बंद करा, प्रेशर पूर्ण उतरू द्या, मगच उघडा. तळ खरवडू नका. वरचा भात अलगद दुसऱ्या जाड बुडाच्या पातेल्यात घ्या, पाव कप गरम स्टॉक शिंपडा, झाकण ठेवून अगदी मंद आचेवर दहा-बारा मिनिटं शिजवा. खालचा काळा थर जिथल्या तिथे सोडून द्या. तोच वास सगळ्या भाताला लागतो, म्हणून हात जितका हलका तितकं बरं.

वर कणी राहिली असेल तर दोन-तीन चमचे उकळता स्टॉक वर शिंपडा, झाकण लावून आचेशिवाय दहा मिनिटं ठेवा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पुन्हा प्रेशर द्यायची वेळ आली तरी एक मिनिटापेक्षा जास्त नको.

गिच्च झालेला भात पुन्हा मोकळा होत नाही, पण त्याला खाण्यालायक करता येतं. परातीत पसरा, पंख्याखाली वाफ जाऊ द्या, मग बिडाच्या तव्यावर थोड्या तेलात पातळ थर लावून न ढवळता खमंग करा. जांबालायासारखा दिसत नाही, चवीला मात्र छान लागतो.

कुकर पातळ बुडाचा असेल तर डबा लावा

जुना, पातळ, बूड किंचित वाकलेला कुकर असेल तर वरचं सगळं करूनही लागू शकतं. अशा वेळी वरण-भाताचे डबे लावतो तसा हाही डब्यात लावावा. मांस आणि भाज्या लोखंडी कढईत परता, तळ कढईतच स्टॉकने सोडवा, सगळं डब्यात ओता, वर तांदूळ दाबून बसवा, डब्यावर ताटली ठेवा. कुकरमध्ये दोन ग्लास पाणी आणि खाली जाळी. डब्याखाली पाणी असेपर्यंत तो करपूच शकत नाही. डबा हळू तापतो, म्हणून पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर 10 ते 12 मिनिटं द्या. स्टॉक कपाला सव्वा कप. नवीन माणसाला मी हीच रीत आधी सुचवेन.

सॉसेज आणि कोलंबी

मूळ जांबालायातलं सॉसेज म्हणजे अँडुई, धूर दिलेलं, लसूण-मिरीचं पोर्क सॉसेज. टेक्सास-लुइझियाना भागात कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतं. भारतात धुरावलेलं चिकन किंवा पोर्क सॉसेज वापरता येईल. गोव्याचं चोरीस घालावंसं वाटतं, आणि भातात ते सुंदर लागतं, पण त्यातला व्हिनेगर आणि मिरची सगळ्यावर मात करतात. घातलंच तर 100 ग्रॅमच्या वर नको, आणि केयेन पूर्ण वगळा. चोरीसाचा मसाला सुटून तळाला बसतो, म्हणून ते परतल्यावर तळ दुप्पट काळजीने सोडवावा लागेल.

मांस न खाणाऱ्यांनी मश्रूम घ्यावेत, पण ते आधी मोठ्या आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत परतावेत. कच्चे घातले तर त्यांचंच पाणी भाताला गिच्च करेल. धुराच्या चवीसाठी स्मोक्ड पाप्रिका.

कोलंबी कधीही प्रेशरखाली घालू नका, ती रबरासारखी होते. भात झाल्यावर झाकण उघडा, सोललेली, मीठ-मसाला लावलेली मध्यम कोलंबी गरम भातात खुपसा आणि झाकण नुसतं टेकवून पाच-सहा मिनिटं ठेवा. इलेक्ट्रिक कुकर असेल तर या वेळेपुरतं ‘कीप वॉर्म’ लावा. कोलंबी गुलाबी आणि अपारदर्शक झाली की पातीचा कांदा भुरभुरून लगेच वाढा.